फाइलीला अहो-जाहो

एखादी अनोळखी फाइल समोर आली की सर आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, उजवा पाय दुमडून फिरत्या खुर्चीवर अर्धी मांडी घालायचे आणि पडद्याकडे पाहून अगदी अदबीने विचारायचे, "आपण कुठून आलात?"

प्रश्न फाइलीला असायचा. फाइल घेऊन आलेला माणूस शेजारी ताटकळत उभा असायचा, पण त्याच्या वाट्याला एवढी अदब कधी आली नाही. माणसांना सर त्यांच्या पत्त्याने हाक मारत. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "राहतेस कुठे?" मी म्हटलं, "कोथरूडला." झालं. तेव्हापासून मी कोथरूड. "कोथरूड, पंखा कमी कर." "कोथरूड, चहा सांगितलास का?" माझं खरं नाव त्यांना आठवत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. ते स्वतः सदाशिव पेठेतले होते हे मी सांगितलं नसतं तरी तुम्ही ओळखलं असतंच.

आमची खोली पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आहे. सूक्ष्मदर्शकातून टिपलेली चित्रं संगणकावर उघडायची, मोजायची, त्यातून काय दिसतं ते सांगायचं, हे आमचं काम. दाराबाहेर सरांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता: ‘चपला बाहेर काढाव्यात. घाईसुद्धा.’ चपला लोक काढत. घाई मात्र घेऊनच आत येत.

या कामातली गंमत आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मोबाइलवर काढलेला फोटो कुठेही उघडतो. सूक्ष्मदर्शकाचं तसं नसतं. त्याच्या एका फाइलीत चित्रांची चळत असते: वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंतची चित्रं, वेगवेगळ्या रंगांतली चित्रं, मिनिटामिनिटाला घेतलेली चित्रं. शिवाय चित्रातला एक ठिपका म्हणजे प्रत्यक्षात किती लांबी, ही मोजपट्टीही आतच कुठेतरी लिहिलेली असते. प्रत्येक कंपनी हे गाठोडं आपल्या पद्धतीने बांधते. आमच्या सॉफ्टवेअरला ती गाठ ओळखीची नसली की ते एकतर फाइल उघडतच नाही, किंवा उघडतं आणि जे कळलं नाही ते स्वतःच्या मनाने भरतं. सर म्हणत, "न उघडलेल्या फाइलीची मला भीती नाही. उघडलेल्या फाइलीची आहे."

काही हुशार मंडळी फाइलीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं बदलून आणत. सॉफ्टवेअरला चालणारी अक्षरं लावली की ते फसेल, असा त्यांचा हिशोब. सर त्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट पाहत. "उद्या मी माझ्या दारावर डॉक्टरची पाटी लावली, तर तू माझ्याकडून दात काढून घेशील का?" मग सर फाइलीकडे वळत आणि हळुवारपणे म्हणत, "माफ करा हं. यांनी आपलं नाव बदललं."

सरांची पद्धत ठरलेली होती. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची. मग ती प्रत साध्या अक्षरांच्या खिडकीत उघडून पहिल्या ओळी वाचायच्या, कारण बहुतेक फाइली आपलं कूळ तिथेच सांगतात. सॉफ्टवेअरने काही विचारलं तर वाचल्याशिवाय ‘ओके’ दाबायचं नाही. "अंतरपाट दूर व्हायच्या आधी नाव तरी विचारावं माणसाने," असं ते ओके दाबायला निघालेल्या बोटाला उद्देशून म्हणत. आणि चित्र उघडलं की शेवटचा प्रश्न: "ओळखीचं कोण आहे?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. परक्या गावात गेलं की आपण ओळखीचं कोणी आहे का ते आधी बघतो, तसंच चित्रात जिचा आकार आपल्याला पक्का माहीत आहे अशी एखादी वस्तू शोधायची. परागकण, केस, रक्ताची पेशी, काहीही. ती मोजायची. तिचं माप बरोबर आलं तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. नाही आलं तर मोजपट्टी खोटी आहे.

एकदा परगावच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या उमेदीच्या काळातल्या चित्रांची डिस्क पाठवली. ती वाचणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सर मला स्कूटरवर मागे बसवून बुधवार पेठेत घेऊन गेले. तिथल्या एका अरुंद दुकानात पेपर वाचत बसलेल्या मालकांना त्यांनी डिस्क दाखवली.

"याचं यंत्र मिळणार नाही," मालक पेपरातून मान न काढता म्हणाले.

"जगात नाही, की तुमच्याकडे नाही?"

"माझ्याकडे आहे. विकायचं नाही. शेवटचं आहे."

सर खूश झाले. आपल्या तोडीचं कोणी भेटलं की ते खूश होत. मग दोघांनी दुकानातच ते यंत्र जोडलं. डिस्क कुरकुरत फिरू लागली तसे मालक पेपर खाली ठेवून उठले. "आहे काय यात?"

"झुरळाचा मेंदू."

"माझ्या दुकानात?"

"मेंदू आहे. झुरळ नाही," सर म्हणाले, आणि पडद्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आपण कुठून आलात?" दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. निघताना मालक मला हळूच म्हणाले, "सांभाळा त्यांना." सांभाळायची वेळ खरोखर आली, पण ती बरीच नंतर.

त्याआधी मांजरीचे पेढे सांगायला हवेत. मांजरी म्हणजे मांजरीहून येणारा आमचा एक विद्यार्थी. घरची शेती शहरात गेलेली, घराण्यात पीएच.डी.ला बसलेला हा पहिलाच. तो एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आला. त्याच्या पेशी चालत होत्या. दुसऱ्या संस्थेतल्या सूक्ष्मदर्शकावर काढलेली फाइल त्याने आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती, आणि पेशी खालून वर चढताना अगदी स्पष्ट दिसत होत्या. असं आधी कोणी पाहिलं नव्हतं.

सरांनी आधी पेढा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग विचारलं, "किती वेळात चढल्या?"

"दोन तासांत, सर. हितं लिहिलंय बघा."

"दोन तास तू तिथे बसून होतास? जेवला नाहीस?"

"नाय सर, पाच मिनटांत झालं सगळं. त्यांचं मशिन लई फास्ट हाय."

पाच मिनिटांत घेतलेल्या चित्रांत दोन तास कुठून येणार? पोराचा चेहरा उतरत गेला. सॉफ्टवेअरने विचारलं असणार, ही चळत खोलीची की वेळेची? आणि याने वाचल्याशिवाय ओके दाबलं असणार. एकाखाली एक असलेल्या पेशींच्या थरांची चित्रं सॉफ्टवेअरने एकामागून एक घडलेली म्हणून दाखवली होती, आणि मधला वेळ स्वतःच्या मनाने भरला होता.

"पेशी चढली नाही रे," सर म्हणाले. "तू खाली उतरलास."

मला वाटलं आता ते त्याला सोलून काढतील. पण त्यांनी पुड्यातला पेढा काढून त्याच्या हातावर ठेवला. "खा. फाइल उघडली त्याचे आहेत असं समज. पुण्यात त्यालाही पेढे वाटायला हरकत नाही." आणि तो अख्खा दिवस त्यांनी त्याच्याबरोबर घालवला, चळत पुन्हा पहिल्यापासून लावत. त्या दिवशी मला ते फार आवडले. त्यांना हे सांगायची सोय नव्हती.

आता त्यांच्या पायाबद्दल. सर खुर्चीत एक पाय दुमडून बसत, हे सांगितलंच. चपला दाराबाहेर. त्यामुळे त्यांच्या मागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या उजव्या पायाचा तळवा दिसे. आम्ही सगळ्यांनी तो वर्षानुवर्षं पाहिला होता आणि कोणीच पाहिला नव्हता. पाहिला तो तबस्सुमने. तबस्सुम भवानी पेठेत राहायची, म्हणून भवानी पेठ. सरांकडे ती पेशींच्या कडा आखायला शिकत होती.

"सर, पायाला शाई लागलीये का?"

"शाईचं पेन वापरणं मी सोडलं."

ती खाली वाकली. "मग हे काळं काय आहे? याच्या कडा सरळ नाहीयेत, सर. एका बाजूने पसरल्यासारखं दिसतंय."

"मी तुला पेशींच्या कडा बघायला शिकवलं. माझ्या पायाच्या नाही."

"कडा त्या कडाच ना, सर. तुम्हीच म्हणता, दिसलं तर बोला. डॉक्टरकडे कधी जाताय?"

ते गेले नाहीत. मग ती रोज सकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी विचारू लागली, "गेलात?" सर अंगावर आले की बहुतेक लोक माघार घेत. तिचे वडील दुकानदार, उधारीवाल्याला रोज हसत हसत आठवण करून द्यायची त्यांच्या घरची रीत. शेवटी सर गेले. "हिचं तोंड बंद व्हावं म्हणून जातोय," असं मला बजावून गेले.

डॉक्टरांनी तो काळा डाग काढून तपासायला पाठवला. तो कर्करोग निघाला. त्वचेच्या या कर्करोगात सगळं ठरतं ते खोलीवर, म्हणजे तो कातडीत किती आत उतरला आहे यावर. थोडा असेल तर आजूबाजूची कातडी काढून भागतं. जास्त असेल तर जांघेतल्या गाठीही काढून तपासाव्या लागतात आणि पुढचं सगळं बोलणंच बदलतं. तपासणीच्या अहवालात खोली लिहिली होती दीड मिलिमीटरच्या वर. म्हणजे जास्त. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली.

सर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेले. डागाचा उभा, पातळ काप जिच्यावर लावला होता ती मूळ काच लॅबकडून यायला वेळ होता, पण लॅबने काचेचं संगणकीय चित्र पेन ड्राइव्हवर दिलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांच्या संगणकावर ते उघडेना. नवीन यंत्र, नवीन कंपनी, अनोळखी फाइल. पुण्यात अशी फाइल कुठे घेऊन जायची, हे सरांना कोणी सांगायची गरज नव्हती.

ते आले तेव्हा उजव्या पायाला पट्टी होती. चपला नेहमीसारख्या बाहेर. पण पाय दुमडता येत नव्हता, म्हणून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात मांडीवर घेऊन ते बसले. कोणाच्या तरी घरी पहिल्यांदाच गेल्यासारखे. मला ते बघवेना.

"उघड," त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला.

"आधी प्रत काढू ना, सर?"

"हो. ती काढ."

तबस्सुम माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी प्रत काढली. सॉफ्टवेअरने खिडकी उघडली आणि काहीबाही विचारलं. आता चष्मा निघेल, शर्टाच्या टोकाने पुसला जाईल, असं मला वाटत होतं. सर नुसते पडद्याकडे बघत राहिले. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ते घाबरलेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग मीच घसा साफ केला आणि पडद्याला विचारलं, "आपण कुठून आलात?"

मग शेजारून नेहमीच्या तुटक आवाजात उत्तर आलं.

"सदाशिव पेठ. दुसरा मजला."

तबस्सुम हसली आणि हसता हसता रडायला लागली. "रडायचं तर बाहेर," सर म्हणाले, "इथे यंत्रं आहेत." पण आवाज जागेवर आला होता.

चित्र उघडलं. गुलाबी, जांभळं, दिसायला सुंदर. त्यात एका बाजूला काळपट जांभळी गर्दी. मी वरून खालपर्यंत रेघ ओढली. आकडा आला तो अहवालातलाच, दीडच्या वर. मी रेघ पुसून पुन्हा ओढली. तोच आकडा. मी सरांकडे न बघता बसून राहिले.

"कोथरूड," सर म्हणाले, "ओळखीचं कोण आहे का बघ."

मी बघू लागले. एका बारीक रक्तवाहिनीत तांबड्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या. यांचं माप आमच्या खोलीत शिकाऊ पोरांनाही पाठ असतं: मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात, आणि ही पेशी साधारण सात मायक्रॉन. मी एक मोजली. चौदा आली. दुसरी मोजली. तीही चौदाच्या आसपास. तबस्सुमने माउस माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि तिसरी मोजली.

"चौदा," ती म्हणाली.

"चौदा?" सर पुढे सरकले. "माझ्या रक्ताने असला मोठेपणा कधी केला नाही."

आणि त्यांनी चष्मा काढला.

पुढचं काम त्यांनीच केलं. साध्या अक्षरांच्या खिडकीत फाइल उघडली, पहिल्या ओळी वाचल्या, मग त्याखालच्या. मोजपट्टी होती, पण या कंपनीने ती भलत्याच जागी लिहिली होती. आमच्या सॉफ्टवेअरला ती सापडली नाही म्हणून त्याने स्वतःच्या मनाची लावली, बरोबर दुप्पट. अहवाल लिहिणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरनेही तेच केलं असणार, आणि त्यांनी ओके दाबलं असणार. सरांनी खरी मोजपट्टी घातली आणि माउस मला दिला. तांबड्या पेशी सातवर आल्या. मी वरून खालपर्यंत रेघ ओढली. आकडा निम्मा झाला होता.

सरांनी चष्मा पुन्हा काढला आणि पुसत बसले. बराच वेळ. "धूळ फार झालीये इथे," ते म्हणाले. त्यांचा हात धरावा असं मला फार वाटलं. मी चहा सांगितला.

चहा पिताना मात्र ते मूळपदावर आले. "नाचू नका. हे आपण म्हणतोय. काच येऊ दे." डॉक्टरांना फोन करून त्यांनी तारीख पुढे ढकलायला लावली. काच आल्यावर डॉक्टरांनी ती स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मोजली. निम्मंच निघालं. लॅबने चूक कबूल करून अहवाल बदलून दिला. जांघेतल्या गाठी वाचल्या, आजूबाजूची कातडी काढण्यावर भागलं. सर थोडे लंगडू लागले. कोणी विचारलं तर सांगत, "खोली मोजायला गेलो आणि पाय घसरला."

बरे होऊन कामावर आले त्या दिवशी त्यांनी तबस्सुमला हाक मारली, "तबस्सुम." सगळे थांबले. तीही थांबली. "कडा बघायला शिकलीस," एवढंच म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा भवानी पेठ.

निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी तो पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. "ही फाइल ठेव. नव्या पोरांना पहिली फाइल हीच द्यायची. आकडा अंगावर आला की ओळखीचं कोण ते शोधतील. माझं नाव काढून टाक."

"काढलंय, सर."

"काचेच्या लेबलचं चित्र असतं आत. त्यावरही नाव आहे."

तेही मी काढलं. संमतिपत्रावर त्यांनी सही केली, ती आधी वाचून. अर्थात.

गेल्या वर्षी सर गेले. पायाचा काही संबंध नव्हता. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. बातमी मांजरीने कळवली. आता तो दुसऱ्या गावी शिकवतो. फोनवर म्हणाला, "मॅडम, पोरांना ओके दाबू देत नाय मी."

फाइल मी अजून वापरते. दर खेपेला कोणीतरी नवं येतं, घाईने उघडतं आणि दीडच्या वरचा आकडा सांगतं. मी म्हणते, ओळखीचं कोण आहे ते बघ. मग ती पोरं सरांच्या रक्तात ओळखीचं शोधत बसतात. त्यांना ते ठाऊक नसतं.

परवा हडपसरहून येणारी एक मुलगी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसली. माझं ऐकून ऐकून तिला ती सवय कधी लागली कोण जाणे. तिने प्रत काढली, खिडकीतला मजकूर बोट ठेवून वाचला, आणि ओके दाबायच्या आधी पडद्याला विचारलं, "आपण कुठून आलात?" विचारून झाल्यावर ती लाजली आणि माझ्याकडे वळून बघू लागली.

"सदाशिव पेठ," मी म्हटलं. "दुसरा मजला."